बेल्ट सँडर: माळवदाच्या तुळईपासून बैलाच्या जूपर्यंत

माझं सुतारकामाचं दुकान औशात आहे. वडील रंध्यावर काम करायचे, मीही वीस वर्षं रंधाच ओढला. मग हातात धरायचं बेल्ट सँडर, म्हणजे सँडपेपरचा पट्टा रोलरवर गोल फिरवणारं विजेचं मशीन घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या कपाटाच्या दारावर चालवलं. सागाचं व्हिनिअर लावलेलं दार होतं. दोन-तीन सेकंदांत वरचा पापुद्रा उडाला आणि खालचा प्लाय फिकट डोळ्यासारखा वर आला. ते दार मी पदरच्या पैशानं नवं करून दिलं. व्हिनिअरचा थर साधारण अर्धा मिलिमीटर, बऱ्याचदा त्याहूनही पातळ असतो. तिथं हे मशीन न्यायचंच नाही. बेल्ट सँडर हे चकाकी आणायचं मशीन नाही, जास्तीचं लाकूड काढायचं आहे. त्याची जागा रंध्याशेजारी, पॉलिशपेपरशेजारी नाही. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

मशीन घेताना पट्ट्याचं माप बघा. ७५ मिलिमीटर रुंदीचं, ४५७ किंवा ५३३ मिलिमीटर लांब पट्ट्याचं मशीन घरगुती आणि दुकानच्या कामाला पुरतं. १०० बाय ६१० चं मोठं मशीन ताकदीचं असतं, पण दिवसभर धरून मनगट भरून येतं. ७५ चे पट्टे वेगवेगळ्या लांबीत येतात, म्हणून नवा पट्टा घ्यायला जाताना जुना खिशात घालून न्या. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बाण छापलेला असेल तर तो पट्टा फिरण्याच्या दिशेनंच लागला पाहिजे. उलटा लावला तर जोड सुटतो आणि पट्टा फाटतो. पट्टा बदलताना प्लग बोर्डातून काढलेलाच हवा. बटण बंद आहे एवढ्यावर भागत नाही, कारण बऱ्याच मशीनला बटण दाबून अडकवायची खुंटी असते. लाइट गेली, बटण तसंच अडकलेलं राहिलं आणि लाइट आली, की मशीन टेबलावरून आपलं आपण पळतं. आमच्याकडं लाइट जाण्यायेण्याचा भरवसा नाही, म्हणून लाइट गेली की आधी प्लग काढायचा ही सवय मी पोरांना लावली आहे.

पट्टा चढवल्यावर मशीन उलटं धरून क्षणभर चालू करा. पट्टा कडेला सरकत असेल तर बाजूची चाकी थोडी थोडी फिरवून तो मधोमध आणा. हे न करता काम सुरू केलं तर पट्ट्याची कड मशीनचं अंग खाते.

आता खरं काम. आमच्या तालुक्यात जुनं लाकूड भरपूर निघतं. माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं पाडली की सागाचे खांब, तुळया, सर बाहेर येतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगडमातीच्या भिंतींच्या घरात राहायला लोक घाबरले आणि घरं एकेक करून सिमेंटची झाली. ते लाकूड अजूनही कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या अंगणात पडलेलं आहे. वरून काळं, धुरानं माखलेलं. आत मात्र असा साग, की आज बाजारात शोधून मिळायचा नाही. अशा तुळईच्या फळ्या काढून जेवणाचं टेबल करायचं असेल तर बेल्ट सँडरसारखं मशीन नाही.

पण आधी खिळे. चुंबक फिरवा, काळा डाग दिसला तर टोकदार पटाशीनं उकरून बघा. खिळ्यावर पट्टा गेला तर फाटतोच, वर ठिणगी उडते आणि मशीनच्या पिशवीत सुका भुसा भरलेला असतो. ठिणगी आत गेली तर पिशवीत धुमसत राहते, वर काही दिसत नाही. म्हणून पिशवी वरचेवर रिकामी करायची आणि संध्याकाळी भरलेली पिशवी दुकानात ठेवून घरी जायचं नाही.

खिळे निघाले की फळीवर शिसपेन्सिलनं आडव्यातिडव्या रेघा मारा, सगळीकडं. मग ४० किंवा ६० नंबरचा पट्टा; नंबर जेवढा लहान तेवढा पट्टा खरखरीत. मशीन चालू करून मगच लाकडावर टेकवायचं, मागची बाजू आधी, पुढची नंतर. उचलतानाही चालू असतानाच उचलायचं. पहिला हात लाकडाच्या रेष्यांना तिरपा फिरवायचा, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. उंच जागेवरच्या रेघा आधी पुसल्या जातात, खोलगट जागेवरच्या राहतात. ज्या राहिल्या ती जागा खाली आहे, हे फळी स्वतःच सांगते. सगळ्या रेघा गेल्या की फळी सपाट झाली. मग ८० चा पट्टा, तोही आधी थोडा तिरपा आणि शेवटी रेष्यांच्या बाजूनं. १२० फक्त रेष्यांच्या बाजूनं. नंबर उडी मारून घेऊ नका. ४० चे ओरखडे १२० नं जात नाहीत, आणि पॉलिश चढल्यावर ते नांगराच्या तासासारखे दिसतात.

हातानं दाबू नका. मशीनचं वजन पुरतं. तुमचं काम त्याला सरळ धरायचं आणि हलतं ठेवायचं. एका जागी थांबलात की खड्डा पडतो, आणि तो खड्डा काढायला अख्खी फळी खाली आणावी लागते. फळीच्या टोकाला मशीन एक तृतीयांशाहून जास्त बाहेर गेलं की ते खाली झुकतं आणि टोक गोल होतं. पट्टा लाकडाला तुमच्याकडं ढकलतो, म्हणून फळी शिकंज्यात धरा, नाहीतर तुमच्या बाजूला टेबलावर एक पट्टी ठोकून फळी तिला टेकवा. वायर खांद्यावरून मागं घ्या.

फळ्या जोडताना बाहेर आलेला फेव्हिकॉल दगडासारखा वाळू देऊ नका. रबरासारखा असतानाच पटाशीनं खरवडून काढा. राहिला तर गरम होऊन पट्ट्यावर चिकटतो. पट्टा भरला तर चालू पट्ट्यावर क्रेप रबराचा तुकडा धरा, जुन्या चपलेचा तळ असेल तर त्याचाच तुकडा घ्या. भुसा रबराला चिकटून निघतो, पट्टा पुन्हा चावायला लागतो.

भुशाबद्दल एक गोष्ट मी मनापासून सांगतो. माझे वडील आयुष्यभर नाकाला काही न बांधता काम करत आले. १९९५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. नाकाच्या आतल्या कर्करोगाचा संबंध तिच्याशी आहे. रंध्याचा छिलका जमिनीवर पडतो, सँडरची धूळ श्वासात जाते. उपरणं बांधून भागत नाही, चांगला मास्क घ्या.

पावसाळ्यात दारं आवळतात तेव्हाही हे मशीन कामाला येतं. दार उतरवून कड घासताना मशीन डुलतं, कारण कड तीस-पस्तीस मिलिमीटरची आणि पट्टा पंच्याहत्तरचा. दोन्ही बाजूंनी भंगारातल्या पट्ट्या कडेला समतळ बांधा, म्हणजे मशीनला बूड मिळतं. काढायचं मात्र जपून. आषाढात दार फुगलेलं असतं, मे महिन्यात चाळीसच्या वरच्या उन्हात तेच दार आखडतं. पावसात जेवढं अडकतं तेवढं सगळं काढलंत तर उन्हाळ्यात फटीतून धूळ आत येईल.

प्लायच्या कडेला लावलेली लाकडी पट्टी समतळ करायलाही ते वापरतात. मी ते काम रंध्यानंच करतो. तिथं पुन्हा तोच व्हिनिअरचा धोका.

बारीक तुकडे घासायचे असतील, पोळपाटाचे पाय, देव्हाऱ्याच्या खुंट्या, तर मशीन उलटं करून टेबलाला घट्ट बांधा आणि तुकडा पट्ट्यावर न्या. बोटं पट्ट्यापासून लांब राहतील एवढा मोठा तुकडा असेल तरच.

मला सगळ्यात आवडतं काम मात्र जूचं. पेरणीच्या आधी शेतकरी बाभळीचं जू घेऊन येतात. वशिंडाच्या पुढं बैलाच्या मानेवर जिथं ते टेकतं तिथं लाकूड खडबडीत असलं की खांदा सोलतो, सुजतो. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळदलोणी लावून कितीही मळलं तरी मागचं दुखणं निघत नाही. त्या खोलगट भागात सपाट रंधा पोचत नाही. सँडरचा पुढचा रोलर पोचतो. झाकण पुढं आलेलं नसेल अशा मशीनच्या नाकानं, ८० च्या पट्ट्यानं, हलक्या हातानं तो बाक घासायचा. बाभूळ कठीण असते, घाई केली की जळते. करपल्याचा वास आला की मशीन उचलायचं. मग १२०, कडा गोल, आणि शेवटी तेलाचा हात.

जू न्यायला आलेल्या माणसाला मी तळहात फिरवू देत नाही. नांगर धरून त्याचा तळहात निबर झालेला असतो, त्याला काहीच टोचत नाही. मनगटाची आतली बाजू फिरवायला सांगतो. तिथं जरा जरी खरखरलं तर मी परत पट्टा चढवतो.