संभाव्यतेची गणितं घरी कशी घोटायची

माझे वडील कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात एका गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. सौद्याच्या दिवशी रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, वजनं ते वहीत एकाखाली एक लिहायचे. बेरीज एकदा वरून खाली, मग एकदा खालून वर. "एकाच बाजूनं दोनदा केलं की तीच चूक दोनदा होते," असं म्हणायचे. आता शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी संध्याकाळी साडेसहाला आठ-दहा पोरं गणिताला बसतात. दहावीची, अकरावी-बारावीची, दोघं-तिघं स्पर्धा परीक्षेची. संभाव्यता, क्रमचय-संचय (क्रमानं मांडण्या आणि बिनक्रमाच्या निवडी मोजणं) आणि सांख्यिकी या तिन्हींचा सराव मी वडिलांच्या त्या एका वाक्यावर घेते. प्रत्येक उत्तर दोन वेगळ्या वाटांनी काढायचं, आणि त्यातली एक वाट होईल तिथवर बोटानं मोजण्याची ठेवायची.

याचं कारण असं, की समीकरण सोडवलं तर क्षची किंमत परत घालून बघता येते. मोजणीच्या गणितात तशी सोय नाही. ७२ आलं काय नि १४४ आलं काय, दोन्ही आकडे तितकेच खरे वाटतात. पडताळा आपला आपणच उभा करावा लागतो.

सामान फार लागत नाही. दोन वेगळ्या रंगांचे फासे, दोन नाणी, जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून केलेल्या चिठ्ठ्या, बिस्किटांचा एक रिकामा डबा आणि दोन वह्या. फासे दोन रंगांचेच घ्या. एकसारखे दोन फासे टाकले की मुलांना 'एकावर दोन, एकावर तीन' ही एकच गोष्ट दिसते. लाल आणि निळा घेतला की लालवर २, निळ्यावर ३ हे वेगळं आणि लालवर ३, निळ्यावर २ हे वेगळं, हे सांगावं लागत नाही. मग ३६ घरांचा तक्ता हातानं काढायचा. बेरीज ७ येणारी घरं सहा, बेरीज ५ येणारी चार. तक्ता एकदाच काढून भागत नाही. मी पहिला आठवडाभर रोज नवीन काढायला लावते.

नाण्यांचंही तेच. दोन नाणी उडवली तर किमान एक छापा येण्याची संभाव्यता किती? 'दोन छापे, एक छापा, एकही नाही, असे तीन प्रकार, त्यातले दोन आपले, म्हणून २/३' असं उत्तर दरवर्षी कोणीतरी देतं. त्या मुलाला मी सांगते, की १७५४ साली फ्रान्सच्या मोठ्या विश्वकोशात दालंबेर या नामांकित गणितज्ञानं हेच २/३ छापून दिलं होतं. 'एक छापा' हा प्रकार दोन रीतींनी घडतो, म्हणून नमुना अवकाशात, म्हणजे सगळ्या शक्य निकालांच्या यादीत, चार घटक, आणि उत्तर ३/४. नमुना अवकाश लिहिताना प्रत्येक घटक सारख्याच शक्यतेचा आहे का, हा प्रश्न वहीत शब्दांत लिहायचा. तो लिहिल्याशिवाय मी पुढची ओळ तपासत नाही.

मोजणीवर मी सगळ्यात जास्त दिवस घालवते, कारण संभाव्यतेतल्या बहुतेक चुका खरं तर मोजणीच्याच असतात. सुरुवात अक्षरांपासून. 'रंकाळा' या शब्दातली तीन अक्षरं किती प्रकारे मांडता येतील? सहा. सहाही लिहून काढायची. मग 'काकडी'. गेल्या वर्षी एका मुलीनं का आणि क ही एकच धरली आणि तीन उत्तर लिहिलं. "मॅडम, हितं क दोनदा आलाय न्हवं?" असं तिचं म्हणणं. तिला मी चिठ्ठ्या दिल्या, एकीवर का, एकीवर क, एकीवर डी. हलवून बघितल्यावर सहा मांडण्या वेगळ्या दिसल्या. नंतर 'मामा' दिला. तिथं चिठ्ठ्यांची अदलाबदल केली तरी शब्द तोच राहतो, म्हणून मांडणी एकच. सारखं कशाला म्हणायचं हे आधी ठरवायचं, फॅक्टोरियल (३ × २ × १ असा उतरता गुणाकार) त्यानंतर. सूत्रात खाली भागाकार का येतो ते त्या दोन 'मां'च्या चिठ्ठ्यांनी जितकं कळतं तितकं फळ्यावर कळत नाही.

क्रमचय की संचय, हा गोंधळ सोडवायला मी कुस्ती घेते. आठ पैलवान आहेत आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी एक कुस्ती लावायची आहे. पहिला सात जणांशी लढणार, दुसरा सात जणांशी, असं करत ८ × ७ = ५६. पण अ विरुद्ध ब आणि ब विरुद्ध अ ही मैदानावर एकच कुस्ती, म्हणून निम्मे, २८. दुसरी वाट: पहिल्याच्या सात, दुसऱ्याच्या उरलेल्या सहा, मग पाच, अशी ७ + ६ + ५ + ४ + ३ + २ + १, तेही २८. पटलं की पुढचा प्रश्न. हरला तो घरी, अशी स्पर्धा ३७ पैलवानांत घ्यायची तर विजेता ठरेपर्यंत किती कुस्त्या? पोरं फेऱ्या मांडायला बसतात, विषम आकडा आला की अडतात. प्रत्येक कुस्तीत एक जण घरी जातो आणि शेवटी एकच उरायचा आहे. म्हणजे ३६ जण घरी जायला हवेत, म्हणून ३६ कुस्त्या. कुस्तीच्या खासबाग मैदानाच्या सावलीत वाढलेल्या पोरांना हे सांगताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. ३७ पटत नसेल तर ४ पैलवानांवर करून बघा, मग ५ वर. अडलं की आकडा लहान करायचा, ही सवय मला सगळ्या सूत्रांपेक्षा मोलाची वाटते.

आमच्या वर्गाचं सगळ्यात आवडतं गणित राधानगरी धरणाचं आहे. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे. पावसाळ्यात 'चार दरवाजे उघडले' अशी बातमी आली की आम्ही विचारतो, कोणते चार, याचे प्रकार किती? सातातून चार निवडण्याचे ३५. एकूण स्थिती किती? प्रत्येक दरवाजा उघडा किंवा बंद, म्हणून २ चा सातवा घात, १२८. सगळे बंद ही एक स्थिती सोडली तर १२७. हाच विचार भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे. ११५० च्या सुमाराच्या त्या ग्रंथात आठ दारांचा राजवाडा येतो, दारं एक, दोन, तीन अशी उघडण्याचे एकूण प्रकार विचारलेत आणि उत्तर २५५ आहे. ते आम्ही ८ + २८ + ५६ + ७० + ५६ + २८ + ८ + १ असं जुळवतो, मग २५६ वजा १ करून. पुन्हा दोन वाटा.

पण राधानगरीचा खरा धडा पुढं आहे. 'मग नेमके चार दरवाजे उघडे असण्याची संभाव्यता ३५/१२८ का?' असं विचारलं की बहुतेक हात वर येतात. उत्तर नाही असं आहे. १२८ स्थिती मोजता आल्या, पण त्या सारख्या शक्यतेच्या नाहीत. दरवाजे पाण्याच्या पातळीनं आपोआप उघडतात, आणि सातही दरवाज्यांपुढचं पाणी एकच आहे. एक उघडला असेल तर दुसरा उघडण्याची शक्यता वाढलेली असते. म्हणजे घटना स्वतंत्र नाहीत. नाणं आणि दरवाजा यांतला हा फरक ज्याला समजला, त्यानं गुणाकार कुठं करायचा नि कुठं नाही हे ओळखलं.

'किमान एक' हे शब्द दिसले की उलट्या बाजूनं जायचं, एकही नाही याची संभाव्यता काढून १ मधून वजा करायची. फासा चार वेळा टाकला तर किमान एकदा सहा येण्याची संभाव्यता १ − (५/६)चा चौथा घात, म्हणजे ६७१/१२९६, साधारण ०.५१८. दोन फासे २४ वेळा टाकून किमान एकदा दोन्हींवर सहा येण्याची मात्र ०.४९१. जुगाराच्या अशाच प्रश्नांवरून १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि हा विषय उभा राहिला. वर्गात फासे टाकून हे तपासायला जाल तर वीस-तीस डावांत काहीच कळणार नाही. ०.५१८ आणि ०.५ यांतला फरक नीट दिसायला तीन हजारांच्या आसपास डाव लागतात. हेही मुलांना आधी सांगा, नाहीतर प्रयोग जुळला नाही की त्यांचा गणितावरचाच विश्वास उडतो.

हे गणित मी पुराला लावते. २००५, २०१९ आणि २०२१, असे तीन मोठे पूर आमच्या पेठेनं बघितलेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझ्या कपाटातल्या खालच्या कप्प्यातल्या सगळ्या वह्या गेल्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट इथं लहान पोरालाही पाठ असते. मोठ्या पुराबद्दल लोक 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणतात आणि त्याचा अर्थ 'आता शंभर वर्षं निवांत' असा घेतात. तसा तो नसतो. दरवर्षी १/१०० संभाव्यता धरली, वर्षं एकमेकांपासून स्वतंत्र धरली, तर ३० वर्षांत किमान एकदा पूर येण्याची संभाव्यता १ − (०.९९)चा तिसावा घात, म्हणजे ०.२६. चारात एक. आणि तीन वर्षांत असे दोन पूर येण्याची जवळपास ०.०००३. एवढी दुर्मिळ गोष्ट डोळ्यांसमोर घडली तर आधी गृहीतकं तपासायची. १/१०० हा आकडाच लहान धरला असेल, नाहीतर परिस्थिती बदलली असेल. घर बांधायची उंची ठरवताना हे गणित कामाला येतं, म्हणून मी ते कधीही घाईत उरकत नाही.

सशर्त संभाव्यता, म्हणजे एक गोष्ट घडल्याचं माहीत असताना दुसरीची संभाव्यता, अपूर्णांकांत करू नका, माणसं किंवा वस्तू मोजा. समजा १००० रव्यांत २० वजनाला कमी आहेत. तपासणारा कमी असलेल्या १०० पैकी ९० बरोबर पकडतो, पण चांगल्या १०० पैकी ५ चुकून बाजूला काढतो. मग २० पैकी १८ सापडले, आणि ९८० चांगल्यांपैकी ४९ उगाच अडकले. बाजूला काढलेले ६७, त्यात खरे कमी १८. म्हणजे बाजूला पडलेला रवा खरंच कमी असण्याची संभाव्यता १८/६७, साधारण ०.२७. सशर्त संभाव्यतेचं बेजचं सूत्र नंतर दाखवा. ते याच चार आकड्यांतून निघतं.

सांख्यिकीत सूत्रं सोपी आहेत, सराव आकडे हाताळण्याचा हवा. तीस किलोच्या सात रव्यांची वजनं घ्या: २९.६, ३०.१, २९.९, ३०.४, २९.८, ३०.२, ३०.०. बेरीज २१०, मध्य (सरासरी) ३०. मध्यापासूनच्या फरकांचे वर्ग मिळवले की ०.४२. सातानं भागून वर्गमूळ घेतलं की प्रमाण विचलन, म्हणजे आकडे मध्यापासून किती पसरलेत याचं माप, साधारण ०.२४५ किलो. आता लिहिताना ३०.४ चं ३४.० झालं असं समजा. मध्य ३०.५ च्या वर जातो, मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) ३०.० वर तसाच राहतो. हे एकदा स्वतः करून बघितलं की मध्य कधी वापरायचा नि मध्यक कधी, हे पाठ करावं लागत नाही. कॅल्क्युलेटर घेतला असेल तर ०.२४५ ऐवजी ०.२६५ दिसू शकतं. तिथं सातऐवजी सहानं भागलेलं असतं. मोजलेले रवे हा मोठ्या ढिगाचा नमुना असेल तर सहानं भागतात, कारण मध्य याच सात आकड्यांतून काढल्यावर सहा फरक मोकळे राहतात, सातवा आपोआप ठरतो. पेपरात कोणतं हवंय ते प्रश्न वाचून ठरवा.

आता डबा. पुस्तकातल्या सरावसंचाची अडचण ही, की वरचं शीर्षकच कोणतं सूत्र लावायचं ते सांगून टाकतं. परीक्षेत शीर्षक नसतं. म्हणून सोडवलेलं प्रत्येक गणित शीर्षकाशिवाय चिठ्ठीवर उतरवून डब्यात टाकायचं. रोज पाच चिठ्ठ्या, चाळीस मिनिटं. चिठ्ठी उघडली की आधी उत्तराचा अंदाज, मग 'मी काय मोजतोय' हे एका वाक्यात, मग गणित, मग दुसरी वाट. दोन्ही वाटा जुळल्या तर चिठ्ठी डब्याच्या तळाशी, नाहीतर दुसऱ्या वहीत. त्या वहीत बरोबर उत्तर उतरवायचं नाही, चूक कुठं झाली तेवढी एक ओळ लिहायची: 'क्रम महत्त्वाचा नव्हता', 'पहिली चिठ्ठी परत टाकली नव्हती', 'नेमके आणि किमान यांत गफलत'. तीन-चार दिवसांनी तीच चिठ्ठी परत वर ठेवायची. महिन्यानं वही चाळली की प्रत्येकाची दोन-तीनच चुकण्याची ठिकाणं निघतात, आणि पुढचा सराव तेवढ्यावरच घ्यायचा.

आजच्या डब्यातली एक चिठ्ठी इथं देते. 'बाबासाहेब' या शब्दाची पाच अक्षरं अशी मांडा की दोन्ही 'बा' शेजारी येणार नाहीत. एकूण ६० मांडण्यांतून दोन्ही 'बा' शेजारी असलेल्या २४ वजा करून एक वाट. सा, हे, ब आधी मांडून त्यांच्या मधल्या आणि कडेच्या चार जागांतल्या दोन निवडून दुसरी. दोन्हींनी ३६ यायला हवं.