लॅमिंग्टन रोडला निघण्याआधी

वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याला एखाद्या वर्कशॉपात डोकावलं की विंडोज एक्सपीवर चालणारा संगणक अजून दिसतो, कारण मशीनचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालतच नाही. त्याची हार्ड डिस्क खडखडायला लागली की मालक आधी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारातून नवी डिस्क आणतो आणि मग ती लागत नाही म्हणून वैतागतो. डिस्क सगळ्यात शेवटी ठरवायची.

जुनी डिस्क चालतेय तोवर तिची अख्खी इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेऊन ठेवा. नुसत्या फायली कॉपी करून भागत नाही, लायसन्स आणि ड्रायव्हर मागेच राहतात.

मग कॅबिनेट उघडून मदरबोर्डवर छापलेलं मॉडेल आणि चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपांचा) नंबर यांचा फोटो काढा. डब्यावरचं कंपनीचं नाव इथे निरुपयोगी. डिस्कची केबल रुंद पट्टीसारखी असेल तर जोडणी जुनी आयडीई, बारीक चपटी असेल तर नंतरची साटा. आयडीईवाल्यांनी बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची, तारीखही टिपावी. 48 बिट अॅड्रेसिंग (मोठी डिस्क ओळखायची सोय) नसलेल्या बायोसला 137 जीबीपुढचं दिसत नाही आणि एक्सपीलाही ते सर्व्हिस पॅक 1 पासूनच जमतं. अशा बोर्डाला वापरलेली 80 जीबीची डिस्क पुरे, फक्त डिस्कचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर आहे ना ते बघा.

साटा म्हणजे सुटलो, असं समजू नका. व्हीआयए कंपनीच्या वीटी8237 चिपला 3 गिगाबिटच्या डिस्कशी वेग जुळवून घेता येत नाही, त्यामुळे डिस्क चांगली असूनही बायोसमध्ये दिसत नाही. काही जुन्या डिस्कना 1.5 गिगाबिटवर आणणारा जंपर असतो. तो नसेल तर डिस्क जोडायला वेगळं कंट्रोलर कार्ड घ्यावं लागतं. इथेही दुकानदार वीटी6421एलचं कार्ड पुढे करेल, दुखणं तेच. मी सिलिकॉन इमेज कंपनीच्या 3114 चिपचं कार्ड मागतो. कार्डावर स्वतःचा बायोस आहे का, हे दुकानातच विचारा. नसेल तर त्यावरून संगणक बूट होत नाही. आणि हे कार्ड ज्यात बसतं तो पीसीआय स्लॉट मुळातच 133 एमबी प्रति सेकंदाचा, तोही सगळ्या कार्डांत वाटलेला. तिथे महागडी एसएसडी लावून वेगाची अपेक्षा धरू नये.

कार्डाचा ड्रायव्हर जुनी डिस्क लावलेली असतानाच टाका आणि इमेज त्यानंतर पुन्हा घ्या. उलट केलंत तर एक्सपी सुरू होताना निळा स्क्रीन येतो आणि त्यावर 7बीवर संपणारा कोड दिसतो. नव्याने इन्स्टॉल करणार असाल तर एफ6 दाबून ड्रायव्हर देण्यासाठी फ्लॉपी लागेल, म्हणजे चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह शोधणं आलं. 2 टीबीवरच्या डिस्कचा विचारच नको. 32 बिट एक्सपीला ती पूर्ण वापरता येत नाही.

मोलेक्स (जुना चार पिनांचा पॉवर प्लग) ते साटा पॉवर कनेक्टर घेताना त्याची मागची बाजू बघा. तारा प्लास्टिकच्या सलग गोळ्यात ओतलेल्या असतील तर परत करा, असे कनेक्टर आतून शॉर्ट होऊन जळतात. खाचांत दाबून बसवलेल्या तारा आणि वर झाकण असलेला घ्या. सीआर2032 बटण सेलही घ्या, बोर्डावरचा मेला असेल तर बायोसची सेटिंग्ज दर वेळी पुसली जातात.

एवढं कागदावर आलं की दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडसाठी ग्रँट रोड स्टेशन गाठा. कार्ड चाललं नाही तर बदलून देणार का, ते पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या.