मॅन्डोलिन जोडताना: आधी कच्चा टाका, मग फेविकॉल

सांगलीत विश्रामबागला माझं शिवणकाम आहे. लाकडाशी संबंध म्हणाल तर फूटपट्टीपुरता. भाचा परदेशातून मॅन्डोलिनचं किट घेऊन आला; त्याला वाजवायची हौस दांडगी, जोडायचा कंटाळा. म्हटलं, ठेव इथंच, मी बघते.

खोकं आलं जुलैत. ते मी उघडून पाहिलं आणि तसंच माळ्यावर टाकलं, थेट दिवाळी होईपर्यंत. तुम्हीही तेच करा. पावसाळ्यात आपल्याकडचं लाकूड पाणी पिऊन फुगतं. तेव्हा घट्ट बसलेला सांधा उन्हाळ्यात आकसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले दिवस. कामाला लागण्याआधी आठवडाभर सगळे भाग खोलीत उघडे ठेवायचे, म्हणजे त्यांना घराची हवा लागते.

किटं दोन तऱ्हेची मिळतात. एकात कडा आणि तबली (वरची फळी) हेही आपणच चिकटवायचं. पहिल्यांदा करणाऱ्यानं तिकडं बघूच नये. दुसऱ्यात बॉडी तयार येते. माझी तशी होती. स्प्रूस लाकडाची तबली, मेपल लाकडाची पाठ, पडदे बसवलेली सुटी दांडी, चार-चार खुंट्यांच्या दोन पट्ट्या, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, तारा अडकवायचा पत्रा, दांडीच्या टोकाशी तारांच्या खाचांची हाडाची पट्टी आणि तारांचा सेट. (तबली, घोडी हे मिरजेतल्या सतारी-तंबोऱ्याचे शब्द, इथंही चपखल बसतात.)

खरं काम दांडीच्या सांध्यात आहे, आणि मी चुकले तिथंच.

ब्लाउज शिवताना मी बाहीला आधी कच्चा टाका घालते, घालून बघते, मग मशीन. इथं मात्र सांधा छान बसलाय असं डोळ्यानंच ठरवलं, फेविकॉल लावला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून टाकलं. दुसऱ्या दिवशी मिरजेला एका तंबोरे बनवणाऱ्या काकांना मोठ्या कौतुकानं दाखवायला गेले. त्यांनी हातात घेतलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "ताई, दोरा लावून बघितला न्हाईसा व्हय?" दोरा! माझ्याच पिशवीत रिळं होती. दांडीच्या टोकापासून मधोमध दोरा ताणला, तर घोडीच्या जागी तो मधल्या रेषेपासून 4 मि.मी. बाजूला. तारा चढवल्या असत्या तर बारीक जोडी दांडीच्या कडेवरूनच घसरली असती.

तेव्हा फेविकॉलची बाटली कपाटात ठेवून आधी एवढं करा. दांडी सुकीच बसवा. बॉडीच्या शेवटापर्यंत दोरा ताणा, घोडीची जागा बरोबर मधे येते का बघा. मग सरळ पट्टी पडद्यांवर ठेवून पुढं सरकवा. घोडीच्या जागी ती तबलीपासून किती उंच येते ते मोजा. माझ्या किटच्या कागदावर ती उंची 16 मि.मी. होती, तुमच्यावर वेगळी असेल. कमीजास्त असेल तर सांध्याच्या गालाला खडू चोळा, बसवून काढा. खडू जिथं पुसला जाईल तिथंच लाकूड टेकतंय. तेवढंच पॉलिश पेपरनं घासा. मला दुसऱ्या वेळी यात दोन संध्याकाळी गेल्या. चिकटवायला पाच मिनिटं.

चिकटवून बसलाच असाल तर इस्त्री आहे. ओलं फडकं सांध्यावर, त्यावर गरम इस्त्री. उष्णतेनं आणि वाफेनं फेविकॉल मऊ होतो, मग पातळ सुरी हळूहळू सरकवायची. माझा एक दिवसाचाच होता, म्हणून वीस मिनिटांत सुटला. जुना थर पटाशीनं पूर्ण खरवडा, त्यावर नवा धरत नाही. पॉलिश झाल्यावर मात्र हा इस्त्रीचा उद्योग करू नका.

पॉलिशसाठी चपडा लाख: 100 ग्रॅम अर्ध्या लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून, जुन्या धोतराच्या बोळ्यानं पातळ हात. त्याआधी 120, 180, 220 नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच. बाहेर सांडलेला फेविकॉल तेव्हाच ओल्या फडक्यानं पुसलेला बरा, नाहीतर लाखेखाली पांढुरके डाग उमटतात. दमट हवेत हात मारला तर लाख धुरकट होते.

खुंट्यांचे स्क्रू बारीक आणि मऊ असतात. आधी बारीक भोक पाडा, स्क्रूला साबण लावा. माझा एक मोडलाच.

हाडाच्या पट्टीतल्या खाचांसाठी हार्डवेअरच्या दुकानातल्या, गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या काड्या चालतात. तार तिसऱ्या पडद्यावर दाबा. पहिल्या पडद्यावर तिच्याखालून वहीचा कागद जेमतेम सरकला की खाच पुरे झाली. जास्त खोल गेलात तर नवी पट्टी आणा.

घोडी चिकटवायची नाही, तारांच्या दाबानं ती उभी राहते. तबलीला बाक असतो आणि घोडीचा पाय सपाट. तबलीवर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून धरा आणि घोडी त्यावर पुढंमागं घासा, खाली उजेड दिसेनासा होईपर्यंत. मला पाऊण तास लागला. लाकडाच्या भुकटीनं ओटी भरली.

तारा जाडीकडून बारीककडं जोड्यांनी: जी, डी, ए, ई, व्हायोलिनसारख्याच, ए म्हणजे 440 हर्ट्झ. आठ तारांचा मिळून ताण 70-80 किलोंच्या घरात जातो, म्हणून एकदम पूर्ण चढवू नका. हाडाच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं, तेवढंच पुढं मोजून घोडी ठेवा, आणि आणखी एक-दोन मि.मी. पत्र्याकडं. बाराव्यावर नुसतं बोट टेकवून येणारा सूर आणि दाबून येणारा सूर जुळवा. दाबलेला चढा असेल तर घोडी पत्र्याकडं सरकवा, उतरा असेल तर दांडीकडं. बाराव्या पडद्यावर तार दीड मि.मी. उंच असली की बोटं दुखत नाहीत. उंची घोडीच्या दोन चाकांनी जमते.

यंदा जूनच्या शेवटी तबली फुगून तारा वर आल्या. मी चाकं अर्धा फेरा उतरवली. दिवाळीनंतर परत चढवीन, तोवर भाचा येतोय का बघू.