सहभागातून विश्वास वाढावा यासाठी उपक्रम कसा आखावा

लोक सार्वजनिक कामात उतरले की परस्परविश्वास वाढतो, असे सर्रास म्हटले जाते. उपक्रम आखणाऱ्याने मात्र हे गृहीत धरू नये. इटलीत १९७० मध्ये स्थापन झालेल्या प्रादेशिक सरकारांचा सुमारे दोन दशके अभ्यास करणाऱ्या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांना असे आढळले की, जिथे गायनमंडळे, फुटबॉल क्लब आणि वृत्तपत्रवाचन रुजलेले होते, तिथला कारभार अधिक चांगला चालत होता. यावर इतर अभ्यासकांचा आक्षेप असा की, मुळात इतरांवर विश्वास ठेवणारी माणसेच अशा मंडळांत जातात. हा आक्षेप मला वजनदार वाटतो, म्हणून सभेच्या गर्दीला विश्वासाचे माप मानू नये.

पहिले काम महिनाभरात पुरे होईल एवढेच घ्यावे. ते कोणी, कधीपर्यंत करायचे, हे सर्वांसमोर नोंदवहीत लिहावे आणि पुढच्या सभेची सुरुवात तीच नोंद वाचून करावी. ठरलेल्या तीन कामांपैकी एक राहिले असेल, तर ज्याने ते अंगावर घेतले होते त्यानेच उभे राहून कारण सांगावे. ही दोन मिनिटे अवघडल्यासारखी जातात, पण शब्द पाळला जातो की नाही हे लोकांना इथेच कळते. खर्चाची वही, पावत्यांसह, मागितल्यावर दाखवण्यापेक्षा सभेत हातोहात फिरवावी. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक पाणी, कुरणे सांभाळणाऱ्या समूहांचा अभ्यास केला, तेव्हा टिकून राहिलेल्या व्यवस्थांत देखरेख सभासदांकडे किंवा त्यांना उत्तरदायी असलेल्यांकडे होती आणि पहिल्या चुकीची शिक्षा सौम्य होती. देखरेख म्हणजे अविश्वास, ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी.

जबाबदाऱ्या आळीपाळीने द्याव्यात आणि एकमेकांना न ओळखणाऱ्यांच्या जोड्या लावाव्यात, नाहीतर आधीचेच कंपू घट्ट होतात.

परिणाम तपासण्यासाठी अनेक देशांत लोकांची मूल्ये आणि मते जाणून घेणाऱ्या जागतिक मूल्य सर्वेक्षणात विचारला जाणारा प्रश्न उपयोगी पडतो: बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो, की जपूनच वागावे लागते? तो सुरुवातीला विचारावा आणि वर्षभराने पुन्हा विचारावा. मधेच सोडून गेलेल्यांच्या घरी जाऊन त्यांनाही विचारावा, कारण केवळ टिकून राहिलेल्यांची उत्तरे घेतली तर मुळातच विश्वास ठेवणारे लोक पुन्हा मोजले जातात.