‘फुल इन्शुरन्स आहे’ म्हणजे नक्की काय आहे? गाडीची पॉलिसी कशी वाचायची

‘फुल इन्शुरन्स’ नावाची पॉलिसी नसते. एजंट म्हणतो, शोरूमवाला म्हणतो, शेजारचे काका तर छातीठोकपणे म्हणतात, पण कागदावर हा शब्द कुठेच छापलेला नसतो. घरातल्या तीन गाड्यांचं रिन्यूअल गेली कित्येक वर्षं मीच करते, आणि दर वर्षी कोणीतरी ‘मॅडम, फुल टाकलंय’ म्हणतो तेव्हा माझं डोकं फिरतं. पॉलिसीची पीडीएफ उघडून समोर ठेवा आणि वाचा पुढे.

१. कायद्याने काय लागतं ते आधी बघा

थर्ड पार्टी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. तुमच्या गाडीने दुसऱ्या कोणाला इजा झाली, कोणी गेलं किंवा कोणाचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. इजा आणि मृत्यूसाठी रकमेला वरची मर्यादा नाही, अपघात दाव्यांचं ट्रायब्यूनल ठरवेल ती, मालमत्तेच्या नुकसानीला मात्र खासगी गाडीसाठी साडेसात लाखांपर्यंत. हे नसताना पकडलं तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा दंड ४,०००.

नवीन कार घेताना सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचं थर्ड पार्टी एकदमच घ्यावं लागतं. याचा रेट सरकार ठरवतं त्यामुळे ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त’ म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करा.

आणि दुसरं, मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. हाही लागतो, पण तुमच्याकडे आधीच तेवढ्या रकमेचा असेल, दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत किंवा वेगळा घेतलेला, तर परत घ्यायची गरज नाही. दोन गाड्या असलेली कितीतरी माणसं दोन्हीकडे भरत बसतात कारण फॉर्मवर टिक आधीच केलेली असते. टिक काढा.

२. ओन डॅमेज घ्यायचं की नाही

तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर, हे सगळं यात. सक्तीचं नाही, लोन असेल तर बँक घ्यायलाच लावते. गाडी बारा-तेरा वर्षांची आहे, विकली तर लाखभरही येणार नाहीत, तर खुशाल नुसतं थर्ड पार्टी ठेवा. फक्त एक लक्षात ठेवा, नुसत्या थर्ड पार्टीत तुमच्याच गाडीत बसलेली घरची माणसं साधारण धरली जात नाहीत, पॅकेज पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र असलेल्या, धरतात. आईवडलांना घेऊन गावी जाणार असाल तर प्रवाशांचा अपघात विमा वेगळा जोडा.

३. डेप्रिसिएशन, इथे मी तोंडावर पडलेय

हा टप्पा नीट वाचा, बाकीचं नंतर विसरलात तरी चालेल.

चांदणी चौकाच्या अलीकडे पुढच्या टेम्पोने कचकन ब्रेक मारला आणि मी मागून आदळले. गाडी चार वर्षं चार महिन्यांची. मी निवांत, कारण ‘फुल’ होतं ना. वर्कशॉपला गाडी दिली, नुकसान तपासणारा सर्वेअर येऊन गेला, आणि डिलिव्हरीच्या दिवशी काउंटरवरच्या मुलाने प्रिंट सरकवली: बिल ३६,२००, कंपनी देणार २२,८५०, बाकीचे तुमचे. मी दहा मिनिटं त्याच्याशी भांडले. भांडण चुकीचं होतं, आकडे बरोबर होते, मीच कधी वाचले नव्हते.

डेप्रिसिएशन म्हणजे घसारा, पार्ट जुना झाला म्हणून त्याच्या किमतीतून कापायची रक्कम. बघा कसं कापतात ते. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांवर सरळ ५० टक्के, गाडी काल घेतलेली असली तरी. बंपर ८,००० चा होता, ४,००० गेले. हेडलॅम्प ६,००० चा, सर्वेअरने प्लास्टिकमध्ये धरला, ३,००० गेले. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे कापतात: पहिले सहा महिने काही नाही, एक वर्षापर्यंत ५, मग १०, १५, २५, आणि चार ते पाच वर्षांत ३५ टक्के. बॉनेट ९,००० चं, ३,१५० गेले. काचेवर घसारा नाही. पेंटिंगच्या बिलातला पाव भाग मटेरियल धरतात आणि त्याचा निम्मा कापतात, म्हणजे ८,००० मधले १,०००. मजुरीचे ४,००० पूर्ण मिळाले. कूलंट, क्लिपा, नटबोल्ट असले १,२०० चे कन्झ्युमेबल्स सगळे माझ्या बोकांडी. आणि शेवटी सक्तीचे १,०००, जे १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेमला भरावेच लागतात, त्यावर असेल तर २,०००. बेरीज करा, १३,३५० होतात.

झिरो डेप, म्हणजे हा घसारा न कापण्याचं ॲड-ऑन (जादा पैसे भरून जोडायचं कव्हर), असतं तर मला फक्त कन्झ्युमेबल्स आणि सक्तीचे, म्हणजे २,२०० भरावे लागले असते. म्हणून माझं ठाम मत: पाच वर्षांच्या आतली गाडी असेल आणि तुम्ही रोज शहरात चालवत असाल तर झिरो डेप घ्याच, बाकी सगळे ॲड-ऑन नंतर. फक्त वर्षात किती क्लेम चालतात ते बघा, बऱ्याच कंपन्या दोनच देतात. आणि ‘बंपर टू बंपर’ म्हणजे झिरो डेपच, ते ऐकून सगळं फुकट मिळणार असं समजू नका, सक्तीची रक्कम तिथेही कापतात.

आता याचीच दुसरी बाजू. क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, शून्य. तो चढतो असा: २०, २५, ३५, ४५, ५० टक्के, फक्त ओन डॅमेजच्या भागावर. माझा पुढच्या वर्षी ५० होणार होता. ओन डॅमेजचा प्रीमियम ७,००० आणि तो दर वर्षी तेवढाच धरला तर पहिल्या वर्षी ३,५०० ची सूट गेली, मग बोनस परत २० पासून चढतो म्हणून २,१००, १,७५०, १,०५०, ३५०, असे पुढच्या पाच वर्षांत मिळून ८,७५०. माझ्या बिलाला तरी क्लेम परवडला. पण दाराला ओरखडा पडला, पाच-सहा हजारांचं काम आहे, तर खिशातून करा. ‘विमा आहे तर वापरा’ असं वर्कशॉपवाला म्हणतो कारण बिल त्याचं वाढतं.

हो, हा बोनस गाडीचा नाही, तुमचा असतो. गाडी विकलीत तर तो नव्या गाडीला लावून घ्या. जुनी गाडी घेताय तर आधीच्या मालकाचा बोनस तुमच्या पॉलिसीत दाखवू देऊ नका, क्लेमच्या वेळी तेच काढून दावा अडवतात.

४. बाकीचे ॲड-ऑन

इंजिन प्रोटेक्ट: पावसाळ्यात जिथे पाणी साचतं तिथे गाडी जात असेल तर घ्या. गाडी पुरात बुडाली तर ओन डॅमेजमध्ये येतं, पण पाण्यात बंद पडल्यावर सेल्फ मारलात आणि इंजिनने पाणी ओढून घेतलं तर तो तुमचा खर्च. ॲड-ऑन असला तरी सेल्फ मारायचा नाही, ढकलून बाजूला घ्या आणि टो करा.

रिटर्न टू इन्व्हॉइस: नव्या गाडीला पहिली दोन-तीन वर्षं. चोरी झाली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची आजची किंमत) ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात आणि आयडीव्ही हातात टेकवतात, बिलाची रक्कम नाही. तो फरक हे ॲड-ऑन भरून देतं, आणि दोन वर्षांच्या गाडीत तो चांगलाच जाणवतो.

चावी, टायर, रोडसाइड: स्वस्त वाटलं तर. मी रोडसाइड घेते, चावी नाही.

५. कोटेशन्स तुलना करताना

आयडीव्ही सगळीकडे सारखी ठेवूनच बघा, नाहीतर प्रीमियम कमी दिसावा म्हणून कोणीतरी ती ४० हजारांनी खाली ओढतो. स्वेच्छेने जास्त भरायची रक्कमही बघा, १५,००० निवडलीत तर सूट जास्तीत जास्त २,५०० मिळते आणि क्लेमला १५,००० तुमच्याच खिशातून जातात. ही टिक लावून आपण स्वस्त केलं असं दाखवतात. गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर ते आरसीत आणि पॉलिसीत दोन्हीकडे पाहिजे.

६. तारीख

संपायच्या आधी भरा. एक दिवस उशीर झाला तर गाडीची तपासणी, ९० दिवस गेले की बोनस गेला. मी मोबाइलमध्ये पंधरा दिवस आधीचा रिमाइंडर लावते, एजंटचा फोन बरोबर आदल्या दिवशी येतो आणि तेव्हा वाचायला वेळ नसतो.