एकाच एअरफायबरवर घर, माडी आणि मळा: सगळीकडे नेट कसं न्यायचं

गावात फायबरची वायर आली नाही पण ५जी टॉवर आलाय, अशा कितीतरी घरांनी स्लॅबवर तो पांढरा डबा बसवून एअरफायबर, म्हणजे टॉवरवरून बिनतारी येणारं घरचं नेट, घेतलंय. मोठ्या शहरांत हे २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू झालं, जिओचं तर बरोबर गणेश चतुर्थीला, १९ सप्टेंबरला, आणि तिथून ते हळूहळू तालुक्याला आणि वाड्या-वस्त्यांवर पोचलं. आता सगळीकडे एकच प्रश्न विचारला जातो, की खाली राउटरजवळ नेट मस्त पळतं पण वर माडीवर भावाच्या खोलीत रेंजची एकच दांडी, आणि मळ्यातल्या खोलीवर कॅमेरा लावायचाय तिथं तर काहीच नाही, मग दुसरं कनेक्शन घ्यायचं का? बहुतेक वेळा नाही घ्यायचं. एकच कनेक्शन व्यवस्थित पुरतं, फक्त ते वाटायची पद्धत चुकते.

चुकते कुठं तर लोक आहे त्याच वायफायची रेंज ताणायला बघतात, मोठ्या अँटेनाचा राउटर आणतात, रिपीटर आणतात, तो जिथं रेंज मरते तिथंच लावतात आणि मग म्हणतात पैसे वाया गेले. विहिरीचं पाणी लांबच्या वावरात न्यायचं तर आपण मोठी मोटर बसवून फवारा उडवत नाही, पाईप टाकतो. इथंही तेच करायचं, नेट आधी त्या जागेपर्यंत स्वतंत्र वाटेनं न्यायचं आणि तिथं नवीन वायफाय सोडायचं.

आधी मोजून घ्या

लॅपटॉप असेल तर राउटरला लॅन केबल लावून स्पीड बघा, एकदा सकाळी, एकदा रात्री ९ च्या सुमारास जेव्हा सगळा गाव मोबाईलवर असतो. वायफायवर नाही, केबलवरच, कारण आपल्याला आत किती नेट येतंय ते कळायला हवंय. इथंच रात्री १० एमबीपीएस येत असेल तर पुढं कितीही डबे लावा, उपयोग नाही, आधी कंपनीच्या माणसाला बोलावून स्लॅबवरच्या डब्याची दिशा तपासून घ्या. तो डबा स्वतः हलवू नका, त्याचं तोंड टॉवरकडं धरून बसवलेलं असतं.

दुसरा हिशोब डेटाचा. 'अनलिमिटेड' म्हटलं तरी अशा प्लॅनना महिन्याला मर्यादा असते, साधारण १००० जीबी, आणि ती संपली की स्पीड एकदम पडतो. एका घराला १००० जीबी भरपूर वाटतात, पण तीन ठिकाणी वाटलं की गणित बदलतं. चांगल्या क्वालिटीचा व्हिडिओ ५ एमबीपीएसनं चालला तर तासाला सव्वादोन जीबी. त्याहून मोठा खादाड म्हणजे कॅमेरा. २ एमबीपीएसचा एक कॅमेरा जर चोवीस तास क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवत असेल तर दिवसाला साडेएकवीस जीबी, महिन्याला जवळपास ६५० जीबी जातात, म्हणजे एकटा कॅमेरा दोन तृतीयांश प्लॅन खातो! त्यापेक्षा कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाका, रेकॉर्डिंग तिथंच होऊ द्या आणि मोबाईलवर बघाल तेवढंच नेट जाऊ द्या.

घरातल्या घरात

माडीसाठी सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे कॅट६ ची लॅन केबल. तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर आहे, घरात एवढी लागतच नाही, केबल चांगल्या तांब्याची घ्या, स्वस्तातली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते ती नको. ती जिन्याच्या कडेनं किंवा जुन्या डिशच्या वायरच्या भोकातून वर न्यायची आणि वर दुसरा राउटर लावायचा, घरात जुना पडलेला असेल तर तोही चालतो.

आता इथं सेटिंग नीट करा, बहुतेक गोंधळ इथंच होतो. मेन राउटरचा पत्ता (आयपी, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा नंबर) समजा १९२.१६८.१.१ आहे. जुना राउटर आधी एकटा लॅपटॉपला जोडून ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून सेटिंगचं पान उघडायचं, त्यात ॲक्सेस पॉइंट मोड (नुसतं वायफाय सोडायचं काम) असेल तर तोच निवडायचा आणि काम संपलं. तो मोड नसेल तर तीन गोष्टी करायच्या, त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करायचा, त्यातलं डीएचसीपी बंद करायचं, आणि खालून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टला न लावता लॅन पोर्टला लावायची. डीएचसीपी म्हणजे प्रत्येक मोबाईलला पत्ता वाटायचं काम, ते घरात एकाच राउटरनं करायचं, दोघं वाटायला लागले की कधी नेट चालतं कधी नाही आणि कारण सापडत नाही. नाव आणि पासवर्ड खाली-वर सारखाच ठेवा म्हणजे मोबाईल जिना चढताना आपोआप बदलतो. २.४ गिगाहर्ट्झचे चॅनल मात्र वेगळे ठेवा, खाली १ तर वर ६ किंवा ११, कारण हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

केबल टाकताच येत नसेल, भाड्याचं घर असेल, तर दोन-तीन डब्यांचा मेश सेट घ्या, ते डबे आपसात बिनतारी बोलून घरभर एकच वायफाय पसरवतात. साधा एकाच बँडचा रिपीटर अगदीच नाइलाज असेल तर, कारण तो त्याच चॅनलवर ऐकतो आणि त्याच चॅनलवर बोलतो, त्यात स्पीड जवळपास निम्मा होतो. आणि लावायचा तर राउटर आणि खोलीच्या मध्ये लावा, जिथं अजून चांगली रेंज आहे तिथं.

आता मळा

घरापासून ३००-४०० मीटरवर मळ्यातली खोली, गोठा, विहिरीवरची मोटर. एवढी लांब केबल टाकता येत नाही, आणि महावितरणच्या खांबावरून तर लॅन केबल कधीच नेऊ नका, जिवाशी खेळ आहे तो. इथं लागते दोन डब्यांची जोडी, बाहेर बसवायच्या ५ गिगाहर्ट्झच्या सीपीई, म्हणजे एका दिशेनं सिग्नल सोडणारे अँटेनाचे डबे, टीपी-लिंकची सीपीई५१० किंवा तसलीच दुसरी कुठली, एक घराच्या स्लॅबवर, एक मळ्यात, तोंडं एकमेकांकडं. हे करायला वेगळा परवाना लागत नाही, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचे बरेचसे पट्टे २०१८ मध्ये केंद्र सरकारनं परवानामुक्त केलेत, ताकदीची मर्यादा पाळली की झालं, त्यासाठी डब्याच्या सेटिंगमध्ये देश 'इंडिया' निवडा.

जोडी आधी घरात टेबलावर समोरासमोर ठेवून जुळवून घ्या, पत्र्यावर चढून सेटिंग करायचं नाही. घरच्या डब्याला ॲक्सेस पॉइंट मोड, म्हणजे तो नेट सोडणार, मळ्याच्या डब्याला क्लायंट मोड, म्हणजे तो ते घेणार. पत्ते १९२.१६८.१.१० आणि ११. चॅनल १४९ किंवा त्याच्या पुढचा, रुंदी २० किंवा ४० मेगाहर्ट्झ पुरते, जास्त रुंदी म्हणजे जास्त खरखर. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ आणि लांब पासवर्ड. दोन्ही एकमेकांना दिसले, मळ्याच्या डब्याला जोडलेल्या लॅपटॉपवर नेट चाललं, की मग वर चढा. डब्यांवर मार्करनं 'घर' आणि 'मळा' लिहून ठेवा.

आणि उंची ठरवताना आज काय दिसतंय ते बघू नका, ऊस पूर्ण वाढल्यावर काय दिसेल ते बघा. लागणीनंतर रान मोकळं असतं, दोन्ही डबे एकमेकांना स्वच्छ दिसतात, नेट एकदम झकास, आणि तोच ऊस १२-१३ फूट झाला की लिंक तुटायला लागते आणि लोक डबा खराब झाला म्हणतात. पाण्यानं भरलेली हिरवी पानं ५ गिगाहर्ट्झची लाट पिऊन टाकतात. शिवाय लाट दोरीसारखी सरळ एका रेषेत जात नाही, मध्ये फुगते, ४०० मीटरच्या लिंकला मधोमध त्या फुगवट्याची त्रिज्या साधारण सव्वादोन मीटर असते आणि त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा लागतो, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या वर अजून साडेचार-पाच फूट. रान सपाट धरलं तर मधल्या ठिकाणची उंची दोन्ही टोकांची सरासरी असते, घरच्या स्लॅबवर पाईप लावून २५ फूट आणि मळ्यातल्या खोलीला जीआय पाईप बांधून १५ फूट केली की मधोमध २० फूट मिळतात, पुरेसं आहे. मध्ये आंबा किंवा चिंच असेल तर मात्र वरून जायचा नाद सोडा, डबा खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यावर नेऊन बाजूनं वाट काढा.

दिशा लावायला दोन माणसं लागतात. एक वर पाईपला धरून, एक खाली मोबाईलवर डब्याचं पान उघडून आकडा वाचत. हा सिग्नलच्या ताकदीचा आकडा वजा चिन्हात येतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला, उणे ५० ते उणे ६५ डीबीएम म्हणजे छान, उणे ७५ च्या खाली गेला तर पावसात रडणार. "दादा, थोडं डावीकडं... अजून... थांब, पडला, परत ये" असं चालतं, प्रत्येक वेळी हलवल्यावर पाच-दहा सेकंद थांबायचं कारण आकडा लगेच बदलत नाही. आधी मळ्याचा डबा आडवा फिरवून सगळ्यात चांगला आकडा पकडा, मग घरचा, मग दोन्हींचं वर-खाली. क्लॅम्प आवळताना डबा हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर आकडा पुन्हा वाचा.

मळ्यातल्या डब्यातून निघालेली केबल आत खोलीत एका साध्या राउटरला द्यायची, माडीवर केलं तसंच सेटिंग, पत्ता १९२.१६८.१.३. कॅमेरा आणि मोटरचा मोबाईल स्टार्टर वायफायवर चालत असेल तर तो याच्यावर जोडायचा. ही उपकरणं बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात, त्यामुळे ते बंद करू नका.

लाईट आणि वीज

शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते, कधी दिवसा कधी रात्री, तिच्या भरवशावर कॅमेरा चालत नाही. डबा आणि छोटा राउटर मिळून साधारण १२ वॉट खातात, म्हणजे दिवसाला २९० वॉट-अवर. १२ व्होल्टची ४० एएच बॅटरी आणि १०० वॉटचं सोलर पॅनल एवढ्यावर उन्हाळ्या-हिवाळ्यात निभतं, पण कॅमेराही त्यावरच ठेवलात किंवा श्रावणात आठवडाभर सूर्य दिसला नाही तर कमी पडतं, त्यामुळे जमलं तर पॅनल मोठंच घ्या. या डब्यांना वीज लॅन केबलमधूनच जाते, बऱ्याच डब्यांना २४ व्होल्ट लागतात, तेव्हा १२ चे २४ करणारा कन्व्हर्टर आणि डब्याच्या व्होल्टेजला जुळणारा इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा छोटा डबा) वापरा, जास्त व्होल्टेजचा लावला तर डबा जळू शकतो.

वळवाच्या पावसातल्या विजा हा खरा धोका. पाईपला अर्थिंग करा, बाहेरची केबल शील्डवाली घ्या, केबल खोलीत शिरते तिथं लॅनचा सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि भोकाच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी केबलवरून आत न येता तिथंच ठिबकतं. एवढं करूनही थेट वीज पडली तर काहीच वाचत नाही, म्हणून मे-जूनमध्ये आभाळ गडगडायला लागलं की घरच्या बाजूची केबल काढून ठेवणं सगळ्यात चांगलं, मात्र गडगडाट डोक्यावर आल्यावर केबलला हात लावायला जाऊ नका.

कुणाला द्यायचं, कुणाला नाही

सख्खा भाऊ वेगळा राहत असेल आणि बिल दोघं मिळून भरत असाल तरी आधी कंपनीच्या अटी वाचा, कारण कनेक्शन एका पत्त्यावर दिलेलं असतं आणि ते पुढं विकायला जवळपास सगळीकडे मनाई असते. शेजाऱ्यांकडून महिन्याला दोनशे रुपये घेऊन लाईन देणं म्हणजे सरळ विक्री, ते करू नका. पैशाचा विषय बाजूला ठेवला तरी कनेक्शन ज्याच्या आधारवर आहे, त्या लाईनवरून कुणी काही उद्योग केले तर पोलीस त्याच्याच दारात येतात, आणि ही भीती खोटी नाहीये.

दुकानात किंवा हॉटेलात गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचंच असेल तर त्यासाठी पीएम-वाणी ही सरळ वाट आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२० मध्ये ती मंजूर केली, त्यात किराणावाला, चहावाला असा कुणीही छोटा दुकानदार परवाना न काढता सार्वजनिक वायफाय देऊ शकतो, ग्राहकाची ओळख आणि हिशोब ॲप आणि मधली ॲग्रिगेटर कंपनी सांभाळते.

पाहुण्यांसाठी राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं, ते चालू करून वेगळा पासवर्ड द्या, त्यातून घरचे कॅमेरे दिसत नाहीत. राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून बिनपासवर्ड जोडायची सोय) बंद करा. आणि एकाच्या डाउनलोडमुळं दुसऱ्याचा ऑनलाइन क्लास अडकत असेल तर मेन राउटरमध्ये प्रत्येक उपकरणाला स्पीडची मर्यादा घालायची सोय आहे का बघा, असेल तर टीव्हीला २० एमबीपीएस पुरेत.

पोरगं पुण्यात, नेट गावात

काही जण विचारतात की हेच कनेक्शन पुण्याच्या रूमवर चालेल का. राउटर उचलून नेला तर नाही, एअरफायबर पत्त्याला बांधलेलं असतं. तिथं मोबाईलचा हॉटस्पॉट किंवा वेगळं कनेक्शनच लागेल. पण पुण्यातून गावचा कॅमेरा किंवा घरच्या कॉम्प्युटरवरचे फोटो बघायचे असतील तर ते होतं. एअरफायबरवर बऱ्याचदा आपल्याला स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, अनेक ग्राहक एकाच आयपीमागे असतात, म्हणून पोर्ट फॉरवर्डिंगचे, म्हणजे बाहेरून थेट घरच्या उपकरणापर्यंत वाट उघडायचे, व्हिडिओ बघून डोकं फोडू नका. टेलस्केलसारखं ॲप घरच्या कायम चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवर आणि पुण्याच्या मोबाईलवर एकाच अकाउंटनं टाका, दोन्ही एकमेकांना सापडतात, कॅमेऱ्यापर्यंत पोचायला घरच्या कॉम्प्युटरवर त्यातलंच सबनेट राउटरचं सेटिंग चालू करायचं, मग तो कॉम्प्युटर घरातल्या बाकी उपकरणांपर्यंतही वाट देतो. त्यात घरून अपलोड किती मिळतो तेवढाच वेग मिळणार, तेव्हा सुरुवातीला केबलवर स्पीड मोजाल त्यात अपलोडचा आकडाही लिहून ठेवा. आणि कॅमेरा जोडल्या जोडल्या त्याच्याबरोबर आलेला पासवर्ड बदला.