खडकाळ उतारावर गाडीरस्त्याची भिंत: आधी पाठ, मग तोंड

ऑगस्ट २०१९ चा पहिला आठवडा. खाली कोल्हापुरात पंचगंगा घराघरांत शिरली होती. आमचं घर केर्लीच्या वर, जोतिबाच्या डोंगराच्या उताराला. तिथं पहाटे तीनला धप्प आवाज झाला. फाटकापासून दारापर्यंत गाडी चढवायचा जो रस्ता, त्याची खालच्या अंगाची भिंत बारा फूट लांबीत पुढं लोळली होती. दगड चांगला होता, सिमेंटही कमी नव्हतं. पण मागचा मुरूम मुठीत घेतला तर पाणी गळत होतं, आणि पाणी जायला भिंतीत एकही भोक ठेवलेलं नव्हतं.

दुसरी भिंत मी पहिल्या पहारीपासून समोर उभी राहून बांधून घेतली. जुलै २०२१ च्या ज्या पावसात पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला, त्या पावसात ती केसभरही हलली नाही. ती कशी बांधली ते सांगते.

आधी हिशेब ध्यानात घ्या. चार फूट उंचीच्या भिंतीमागं पाणी काठोकाठ तुंबलं, तर एक मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचा रेटा सातशे किलोच्या वर जातो. आमच्या तीस फूट लांबीवर तो पावणेसात टनांच्या आसपास होतो. मातीचा आणि गाडीचा भार त्याशिवाय. म्हणून आधी पाण्याची वाट काढायची, दगडाचा विचार नंतर. भिंतीमागच्या भरावावरून गाडी जाणार असेल किंवा उंची चार फुटांपुढं असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर आणा. आम्ही आणलं. चार फूट उंचीला तळाची रुंदी पावणेतीन फूट आणि माथा दीड फूट, ही मापं त्यांनी दिली.

काम जानेवारी-फेब्रुवारीत काढा, म्हणजे पावसाच्या आत भिंत पक्की वाळून मागचा भरावही बसतो. आणि सगळा उतार एकदम उकरू नका. आठ-दहा फुटांचा टप्पा खणायचा, पाया भरायचा, मग पुढचा.

आता खडक. आपल्याकडचा काळा पाषाण वरून सलग दिसतो, पण तो कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यानं झिजतो आणि मधे गोल धोंडे मुरमात सुटे राहतात. अशा धोंड्यावर पाया टाकला तर तो धोंडाच एक दिवस सरकतो. आमचे गवंडी मामा घणानं एकेक जागा ठोकत गेले. चार ठिकाणी खण् खण् वाजलं. पाचव्या ठिकाणी बद् असा आवाज आला.

"वैनी, ह्यो खडक न्हवं. टोपल्यातल्या भाकरीगत सुटा हाय बघा," म्हणाले आणि पहार घालून त्यांनी तो हलवूनच दाखवला. अडीच फुटांचा धोंडा निघाला. खाली फूटभर उतरल्यावर सलग पाषाण लागला. माझी एकच विनंती आहे, पाया भरायच्या आधी सगळा चर असा वाजवून घ्या. तासाभराचं काम आहे.

सलग खडक लागला तरी त्याचा उतार बाहेरच्या बाजूला असतो. त्यावर तसंच बांधलं तर भिंत घसरगुंडीवर बसते. खडकात पायऱ्या पाडायच्या, आणि प्रत्येक पायरी सपाट किंवा किंचित डोंगराकडं कललेली हवी. भाड्याचा ब्रेकर दोन दिवस पुरला. वस्तीत सुरुंगाचा विचारही करू नका. मग खडक तारेच्या ब्रशनं घासून, पाण्यानं धुऊन, सिमेंटचं पाणी मारून चार इंच काँक्रीट ओतलं. पाषाण फारच गुळगुळीत होता तिथं सोळा मिलिमीटरच्या सळ्या फूटभर आत ड्रिल करून, ग्राउट (सिमेंटचा पातळ माल) भरून उभ्या केल्या.

पायासकट साडेतीन ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आसपास बांधकाम झालं, त्याला साडेचार ब्रास डबर, म्हणजे बांधकामाचा ओबडधोबड दगड, मागवलं. माल एकास पाच, म्हणजे एक भाग सिमेंटला पाच भाग वाळू. दगड रुंद अंगावर बसवायचा, त्याची लांबी भिंतीच्या पोटात गेली पाहिजे. तोंडाला सुबक दिसावा म्हणून उभा लावलेला दगड म्हणजे नुसता मुखवटा. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. दर हातभर-दीड हातावर एक लांब दगड पुढून मागपर्यंत जाईल असा घाला. माथ्याला दीड फुटाचा दगड मिळतो, खाली दोन दगड एकमेकांवर चढवून जोड द्यावा लागतो. पोटात कोरड्या चिपा टाकून वर माल फासण्याची खोड पुष्कळांना असते. तिथं मी दोनदा थर काढायला लावला. मामा रागावले नाहीत, उलट पोरालाच म्हणाले, "वैनी बघत्यात न्हवं, नीट भर की." दिवसाला दोन फुटांवर चढायचं नाही. तोंड फुटामागं एक इंच आत कलतं ठेवायचं, पाठीला पायऱ्या सोडायच्या. ओळंबा रोज सकाळी लावा.

भोकांना चार इंची पीव्हीसी पाइप वापरला. पहिली रांग बाहेरच्या जमिनीपासून अर्धा फूट वर, पाइपांत चार फूट अंतर, दुसरी रांग तिच्या वर, खालच्या दोन पाइपांच्या मधल्या जागी. प्रत्येक पाइपाचा उतार बाहेर. बांधताना पाइपात गोणपाटाचा बोळा कोंबा, नाहीतर माल आत सांडून तो तिथंच बुजतो. बोळा मात्र आठवणीनं काढा.

गोणपाट टाकून दहा दिवस पाणी मारलं. उन्हात एक दिवस जरी चुकलं तरी दर्जा, म्हणजे दगडांमधले मालाचे सांधे, पांढऱ्या पडतात आणि नखानं भुगा निघतो.

भराव घालायची घाई केली नाही, तीन आठवडे थांबलो. भिंतीला लागून फूटभर जाडीचा ४० मिलिमीटर खडीचा पट्टा तळापासून वरपर्यंत, त्याच्या आणि मुरमाच्या मधे जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. हे कापड नसेल तर दोन पावसांत माती खडीत शिरून पट्टा बुजतो. मागं मुरूमच, काळी माती अजिबात नको. ती पाण्यानं फुगते आणि भिंतीला ढकलते. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर हातानं धुम्मस मारून ठोकायचा. रोलर भिंतीजवळ येऊ द्यायचा नाही. वर काँक्रीटचा रस्ता, त्याचा ढाळ डोंगराकडच्या गटारीला, म्हणजे रस्त्यावर पडलेलं पावसाचं पाणी भिंतीमागं मुरत नाही. काँक्रीट ओलं असताना खराट्यानं आडव्या रेघा ओढल्या, टायर पावसात धरतो. माथ्यावर नऊ इंचांची कड केली, आणि चाक भिंतीच्या माथ्यापासून दोन फूट आत राहावं म्हणून पांढरा पट्टा मारलाय.

दरवर्षी मे अखेरीस मी स्वतः प्रत्येक भोकात सळी घालून बघते. कुंभारमाश्या मातीची घरटी करतात, मुळं येतात. पहिल्या मोठ्या पावसात टॉर्च घेऊन खाली उतरायचं. सगळ्या भोकांतून पाणी यायला हवं. पहिल्या दिवशी गढूळ आलं तर चालतं. आठवडाभरानंतरही गढूळच येत असेल तर मागची माती वाहून चाललीय, गाडी त्या दिवसापासून वर न्यायची नाही आणि पाऊस उघडल्यावर तेवढा टप्पा मागून उकरून कापड नीट बसवायचं.